चावडीचे दप्तर आणि न थकणारा कारकून

आपल्या वाडवडिलांच्या काळी गावात बोलण्याची जागा निराळी आणि लिहिण्याची जागा निराळी होती. चावडीवर माणसे बसत, बोलत, रागावत, थट्टा करीत. उठून गेली की ते बोलणे तेथेच विरून जाई. दप्तरात जाई ते मोजके: सारा किती भरला, जमीन कोणाच्या नावावर चढली, जन्म किती, मृत्यू किती. दप्तर कुलकर्ण्याच्या ताब्यात असे आणि ते पाहावयाचे झाल्यास त्याची मर्जी सांभाळावी लागे. बोललेले शब्द आणि लिहिलेले शब्द यांत एवढे अंतर असल्यामुळेच माणूस चावडीवर मोकळेपणाने बोलू शकत असे.

आज आपली मुलेमुली पुण्यास, बंगळुरूस, आखाती देशांत ज्या कचेऱ्यांतून कामास आहेत, तेथे हे अंतर उरलेले नाही. तेथे चावडीच दप्तर झाली आहे. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्या दप्तराला एक नवा कारकून लाभला आहे. तो माणूस नव्हे. तो झोपत नाही, कंटाळत नाही, आणि मागितल्यास तीन वर्षांपूर्वीचे बोलणेही उपसून आणतो.

आमच्या धर्मग्रामातील एका मातोश्रींनी मिस्सा आटोपल्यावर आम्हाला गाठून विचारले, “फादर, आमचा धाकटा म्हणतो की त्याच्या हापिसात एक यंत्र सगळ्यांचे बोलणे वाचून साहेबाला सांगते. हे खरे का? मग त्याने बोलावे तरी कसे?” प्रश्न मोलाचा आहे. ‘खरे’ किंवा ‘खोटे’ अशा एका शब्दात त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून यावेळचे पान आम्ही त्यासच वाहतो.

प्रथम ही चावडी म्हणजे काय ते पाहू. संगणकावर अनेकांनी एकत्र लिहून बोलण्याच्या जागेस ‘चॅनल’ म्हणतात. हा शब्द रूढ केला तो फिनलंड देशातील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली रचलेल्या ‘आय.आर.सी.’ नामक व्यवस्थेने. त्या व्यवस्थेत चॅनल खरोखरच चावडीसारखे होते. जो हजर त्याने ऐकले, जो उशिरा आला त्याला मागचे काही कळत नसे. व्यवस्था स्वतः काहीच जपून ठेवीत नसे. कोणास नोंद हवी असल्यास त्याने ती आपल्या संगणकावर आपण करून ठेवावी. पुढे २०१३ साली ‘स्लॅक’ आले आणि २०१५ साली ‘डिस्कॉर्ड’ आले. यांनी नेमकी उलट गोष्ट केली: बोललेला प्रत्येक शब्द आपल्याकडे जमा करून ठेवावयाचा. स्लॅकचे एक संस्थापक स्ट्यूअर्ट बटरफील्ड यांनी त्या नावाची फोडच अशी सांगितली आहे की, सर्व संभाषणांची आणि ज्ञानाची शोधता येण्याजोगी नोंदवही. नावातच नोंदवही आहे. तेथे बोलणाऱ्याने हे ध्यानात ठेवावयास हवे होते, पण माणसे नावाची फोड कोठे करीत बसतात!

आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असलेला व्हॉट्सॲपचा गट यांहून वेगळा आहे. तेथील निरोप ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असतात आणि वाटेत कुलूपबंद राहतात. गटात आज नवा माणूस घेतला तर कालचे बोलणे त्याला आपोआप दिसत नाही. स्लॅकच्या खुल्या चॅनलमध्ये मात्र आज रुजू झालेला उमेदवार पहिल्या दिवसापासूनचे बोलणे वर सरकवून वाचू शकतो. हा भेद नीट समजला म्हणजे पुढचे सारे समजावयास सोपे जाते.

आता त्या कारकुनाकडे वळू. त्यास ‘एआय एजंट’ म्हणतात. एजंट हा शब्द आपणांस नवा नाही. विम्याचा एजंट असतो, परदेशी नोकरीचे कागद करून देणारा एजंट असतो. दुसऱ्याच्या वतीने खेटे घालणारा तो एजंट. हा यंत्रातील एजंटही तेच करतो, परंतु त्याची एक गंमत आहे, ती बरेचसे शिकलेले लोकही विसरतात. त्याच्या अंतरंगात जे भाषेचे यंत्र आहे, त्याला हातपाय मुळीच नाहीत. समोर ठेवलेला मजकूर वाचावा आणि उत्तरादाखल मजकूर लिहावा, यापलीकडे त्याला काही येत नाही. ते कोणत्याही दप्तरखान्यात स्वतः जाऊ शकत नाही.

मग निरोप येतात कसे? तर त्याच्या हाताशी अवजारे दिलेली असतात. इंग्रजीत त्यांना ‘टूल’ म्हणतात. प्रत्येक अवजाराचे नाव, ते कशासाठी आहे याचे चार ओळींचे वर्णन, आणि ते वापरताना कोणती माहिती भरावी याची यादी, हे सारे आरंभीच यंत्राला वाचावयास दिले जाते. साहेबाने विचारले, “गेल्या आठवड्यात दुरुस्तीच्या कामाचे काय झाले?” की यंत्र त्या यादीकडे पाहते आणि एक चिठ्ठी लिहिते: अमुक अवजार चालवावे, चॅनल अमुक, निरोप पन्नास. ही चिठ्ठी घेऊन दप्तरखान्यात जाणारा शिपाई निराळा असतो. तो एक साधा प्रोग्राम आहे. त्याच्याजवळ किल्ली असते. तो कुलूप उघडतो, मागितलेले कागद काढतो आणि यंत्रापुढे आणून ठेवतो. यंत्र ते वाचते, पुरेसे वाटले तर उत्तर लिहिते, न वाटल्यास दुसरी चिठ्ठी लिहिते. किल्ली शिपायाजवळ असते आणि बुद्धी कारकुनाजवळ, ही वाटणी वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचे काम पुढे पडेल.

पूर्वी प्रत्येक कंपनी ही चिठ्ठी आपापल्या पद्धतीने लिही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने चिठ्ठीचा एक समान नमुना जाहीर केला. त्याचे नाव ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’. त्यासोबत उदाहरणादाखल स्लॅकसाठी जो शिपाई तयार करून दिला होता, त्याच्याजवळ आठ अवजारे होती: चॅनलांची यादी आणणे, चॅनलमधील मागचे निरोप आणणे, एखाद्या निरोपाखालील उत्तरे आणणे, माणसांची यादी आणणे, एका माणसाची ओळख आणणे, नवा निरोप टाकणे, उत्तर देणे आणि निरोपाला खूण करणे. यांतील मागचे निरोप आणण्याच्या अवजारात संख्या सांगितली नाही तर किती निरोप येत? दहा. फक्त दहा, आणि तेही सर्वांत ताजे.

या दहाच्या आकड्यापाशी आम्ही थोडे थांबतो, कारण मातोश्रींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. “यंत्र सगळ्यांचे सगळे बोलणे वाचते” ही जी समजूत आहे, ती बहुधा खरी नसते. यंत्र मागते तेवढेच त्याला मिळते, आणि पुष्कळदा ते थोडके मागते. भीती तशी दोन बाजूंनी आहे. एक, त्याने फार वाचले तर काय, ही. दुसरी, त्याने फार थोडे वाचले आणि सारे वाचल्याच्या थाटात निकाल दिला तर काय, ही. लोक पहिलीविषयी बोलतात. आमच्या मते गरिबाच्या पोराला दुसरीपासून अधिक अपाय आहे.

मोठे चॅनल एका खेपेत येत नसते. डिस्कॉर्डमध्ये एका खेपेस जास्तीत जास्त १०० निरोप मिळतात आणि न सांगितल्यास ५०. त्याहून मागे जावयाचे तर हाती आलेल्या सर्वांत जुन्या निरोपाचा क्रमांक दाखवून ‘याच्या आधीचे द्या’ असे पुन्हा मागावे लागते. म्हणजे हजार निरोपांसाठी किमान दहा खेपा. स्लॅकने तर २९ मे २०२५ पासून नियम कडक केला. आपल्या मान्यताप्राप्त यादीत नसलेल्या आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रोग्रामांना मिनिटास एकच खेप आणि खेपेस १५ निरोप, एवढेच द्यावयाचे असे ठरविले. हिशेब करून पाहावा: हजार निरोपांना ६७ खेपा, म्हणजे तासाहून अधिक वेळ. कचेरीने स्वतःपुरता घरच्या घरी केलेला प्रोग्राम मात्र या नियमातून वगळला आहे. टेलिग्रामची रीत आणखी निराळी. तेथील यंत्रसेवकाला मागचे दप्तर मागताच येत नाही. नेमणूक झाल्यावर जे कानी पडेल तेवढेच त्याचे, आणि त्याने उचलले नाही तर तेही २४ तासांपलीकडे त्याच्यासाठी राखून ठेवले जात नाही.

आणि समजा, कारकुनाने पुरेसे निरोप आणले. तरी तो चुकू शकतो, आणि कसा ते सांगण्यासाठी आम्ही आमच्याच मेजावरील एका वहीचा दाखला देतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाची नोंद एका ओळीत असते. पुढे त्याचे लग्न झाले की त्याची टीप त्याच नोंदीच्या समासात केली जाते. दाखला लिहून देणाऱ्याने ओळ उतरविली आणि समास पाहिला नाही, तर विवाहित मनुष्य कागदावर अविवाहित ठरतो. एक अक्षरही खोटे न लिहिता दाखला खोटा होतो.

चॅनलमधील निरोपांनाही असा समास आहे. एखाद्याच्या निरोपाला तेथल्या तेथे उत्तरे देत गेले की त्यांचा एक धागा तयार होतो. स्लॅककडे चॅनलचे मागचे निरोप मागितले, तर मूळ निरोप येतो. त्याखाली इतकी उत्तरे आहेत हा आकडा येतो. पण ती उत्तरे येत नाहीत. ती वेगळ्या अवजाराने, प्रत्येक धाग्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहून मागवावी लागतात. आता कल्पना करा. रात्रपाळीच्या मुलाने चॅनलवर लिहिले, “यंत्रणा बंद पडली आहे, आजचा हिशेब पुरा होणार नाही.” दोन तासांनी त्याच धाग्यात त्याने लिहिले, “सुरू झाली. हिशेब पुरा केला, पहाटे पाठविला.” सकाळी साहेब कारकुनाला विचारतो, “रात्री कोणाचे काम अपुरे राहिले?” कारकून चॅनल आणतो, धागा उघडीत नाही, आणि सुबक शब्दांत कळवितो की अमुक याचे काम अपुरे राहिले. पोर जागून काम करते आणि नावापुढे काट बसते. हे कोणी मुद्दाम केले नाही. खोटेही कोणी बोलले नाही. समास तेवढा कोणी पाहिला नाही.

येथे वेळेचाही एक फेरा आहे. स्लॅकमधील प्रत्येक निरोपावर जो शिक्का असतो तो आपल्या घड्याळाचा नसतो; १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, ग्रिनिचच्या वेळेने, किती सेकंद लोटले याचा तो आकडा असतो. आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे मंगळवारी पहाटे दोन वाजता लिहिलेला निरोप त्या हिशेबाने सोमवारी रात्री साडेआठचा ठरतो. “मंगळवारचे निरोप आण” असे सांगितले आणि कारकुनाने साडेपाच तासांचा विचार केला नाही, तर रात्रपाळीचे अर्धे काम आदल्या दिवसाच्या पोतडीत जाऊन पडते. दिवसपाळीच्या लोकांना याची झळ क्वचितच लागते. ज्यांचे काम रात्री, त्यांनाच ही चूक सोसावी लागते, हे आम्हाला विशेष खटकते.

नावांचेही तसेच. निरोपाबरोबर लेखकाचे नाव येईलच असे नाही. इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून झालेला एक संकेत येतो, आणि तो कोणाचा हे दुसऱ्या अवजाराने विचारावे लागते. विचारले नाही तर कारकून संदर्भावरून तर्क करतो. एकाच कचेरीत एकाच नावाचे तिघे डिसोझा असले म्हणजे काय होईल ते आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

मग तो अंगठा. निरोपाखाली अंगठ्याचे चित्र उमटवून पसंती कळविण्याची चाल आता आपल्या आजीबाईंनाही ठाऊक आहे. पूर्वी दस्तऐवजावर ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहून शेजारी कोणाचा अंगठा तेही लिहीत, साक्षीदार असत. कचेरीच्या चॅनलवर साहेबाने अंगठा उमटविला की रजा मंजूर झाली असे मुले समजतात, आणि माणसांमाणसांत ते चालतेही. परंतु डिस्कॉर्डमध्ये निरोप मागविले तर त्याबरोबर अंगठे किती एवढी संख्याच येते. कोणाकोणाचे, ते पुन्हा वेगळे विचारावे लागते. चार अंगठे आले. त्यांत साहेबाचा होता की चारही मित्रांचे होते? रजेसारखी गोष्ट अंगठ्यावर सोडू नये. “मंजूर” हे अक्षरांत लिहून घ्यावे, असे आम्ही आमच्या तरुणांना आग्रहाने सांगतो.

पुसलेले निरोप येत नाहीत. दुरुस्त केलेला निरोप दुरुस्त झालेल्या स्वरूपात येतो. छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रित बोलणे असले तर पुष्कळदा त्याचा नुसता पत्ता येतो, आतील मजकूर नव्हे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे रिकामी थाळी. डिस्कॉर्डमध्ये एखाद्या चॅनलचे मागचे निरोप वाचण्याची परवानगी शिपायाला दिलेली नसली, तर ‘तुला परवानगी नाही’ असे त्याला प्रत्येक वेळी सांगितले जात नाही. निरोपांची यादी रिकामी येते. शहाणा कारकून म्हणेल, “मला काही मिळाले नाही, कदाचित मला पाहू दिले जात नसेल.” उतावळा कारकून म्हणतो, “या विषयावर कोणीच काही बोललेले नाही.” दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखाद्या मुलीने आपली तक्रार तेथे मांडलेली असली, तर दुसऱ्या वाक्याने ती तक्रार झालीच नव्हती असे ठरते.

येथवर अजाणता होणाऱ्या चुका झाल्या. आता जाणूनबुजून केलेल्या लबाडीविषयी लिहावयाचे. वर आम्ही म्हटले की यंत्राला समोरचा मजकूर वाचण्यापलीकडे काही येत नाही. त्यातच एक धोका दडलेला आहे. धन्याने दिलेला हुकूम हाही मजकूर, आणि दप्तरातून आणलेला निरोप हाही मजकूर. दोन्ही एकाच मेजावर येतात. मनुष्य-कारकुनाला कागद चाळताना “हे वाचणाऱ्याने तिजोरीची किल्ली दाराबाहेर ठेवावी” असे लिहिलेले आढळले तर तो हसेल, किंवा पोलिसांना कळवील. यंत्र-कारकून ते कधीकधी धन्याचाच हुकूम समजतो आणि पाळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सायमन विलिसन या संगणकतज्ज्ञाने या लबाडीला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असे नाव दिले. हुकुमात विष टोचणे, असे आपण म्हणू.

हे केवळ तर्कट नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘प्रॉम्प्टआर्मर’ या सुरक्षाविषयक कंपनीने स्लॅकच्या स्वतःच्या एआय सेवेत असा दोष दाखवून दिला. एका माणसाने खासगी चॅनलमध्ये काही गुप्त सांकेतिक शब्द ठेवलेला आहे. दुसरा, ज्याला ते खासगी चॅनल दिसतही नाही, तो आपण उघडलेल्या एका खुल्या चॅनलमध्ये एक ओळ टाकून ठेवतो. ती ओळ माणसासाठी नसून यंत्रासाठी असते. पुढे पहिला माणूस यंत्राला आपला गुप्त शब्द विचारतो. यंत्र दोन्ही चॅनलांतील मजकूर एकत्र वाचते, दुसऱ्याच्या ओळीला हुकूम समजते आणि उत्तरात एक दुवा तयार करून देते. त्या दुव्यावर बोट ठेवले की गुप्त शब्द परक्याच्या घरी पोहोचतो. स्लॅकने पुढे हा दोष दुरुस्त केल्याचे कळविले. तो एक दोष गेला. परंतु हुकूम आणि मजकूर एका मेजावर येतात ही मूळ स्थिती राहिलीच, आणि तिच्यावर पुरता उतारा अजून सापडलेला नाही. म्हणून जाणते लोक सांगतात की ज्या कारकुनाला खासगी दप्तर वाचावयास दिले, त्याला परक्यांचे कागद वाचू देऊ नयेत, आणि बाहेर काही पाठविण्याची मुभाही देऊ नये. या तिहींपैकी निदान एक गोष्ट काढून घ्यावी. तिन्ही एकत्र आल्या की चोरास दार उघडे मिळते.

आता किल्लीचा प्रश्न. शिपाई कोणते चॅनल उघडू शकतो, हे यंत्र ठरवीत नाही. कचेरीतील माणसे ठरवितात. स्लॅकमध्ये खुल्या चॅनलांची परवानगी निराळी, खासगी चॅनलांची निराळी, दोघांतील खासगी निरोपांची निराळी आणि छोट्या मंडळीतील निरोपांची निराळी मागावी लागते. कचेरीसाठी नेमलेल्या यंत्रसेवकाला खासगी चॅनलमध्ये आधी सभासद करून घ्यावे लागते, आणि तसे केल्यास सभासदांच्या यादीत त्याचे नाव दिसते. तेव्हा “माझ्या चॅनलमध्ये कारकून बसला आहे काय?” हे पुष्कळदा यादी उघडून पाहता येते. यंत्र एखाद्या माणसाच्या किल्लीने काम करीत असेल तर मात्र ते यादीत निराळे दिसत नाही. त्या माणसाला जे दिसते ते त्यालाही दिसते. आणि यंत्राची गोष्ट बाजूला ठेवली तरी, काही सशुल्क योजनांत कंपनीच्या मालकाला खासगी निरोपांचीही प्रत काढून घेण्याची सोय आहे, हे आपल्या मुलांनी पक्के समजून असावे. कचेरीचे चॅनल हे कचेरीचे घर आहे. तेथे भिंतींना कान आधीपासूनच होते. आता त्या कानांना एक लेखनिक मिळाला एवढेच.

कायद्याकडे पाहिले तर आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने १८ महिन्यांच्या अवधीनंतर लागू व्हावयाची असे त्यांत ठरले. माणसाची माहिती वापरण्यापूर्वी त्यास सांगावे आणि त्याची संमती घ्यावी, हे त्या कायद्याचे सूत्र आहे. परंतु नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीवाचूनही माहिती वापरता येईल अशी वाट त्यात ठेवलेली आहे. ती वाट किती रुंद समजावयाची हे पुढे न्यायालये सांगतील. आमचे स्वतःचे मत असे की, कायदा मागो वा न मागो, ज्यांचे बोलणे वाचले जाणार त्यांना ते आधी सांगणे ही साधी माणुसकी आहे. आणि यंत्राच्या अहवालावरून कोणाला जाब विचारावयाचा झाल्यास अहवालाबरोबर मूळ निरोप दाखविला पाहिजे. प्रत्येक निरोपाला स्वतःचा पत्ता असतो. कारकुनाला तो देता येतो. मागितला पाहिजे एवढेच. आपल्या मुलामुलींनी नम्रपणे पण न भिता विचारावे, “साहेब, तो निरोप कोणता? त्याखालचा धागा आपण उघडून पाहिलात काय?” या दोन प्रश्नांत कोणताही उद्दामपणा नाही.

कोणी असे समजू नये की आम्ही या कारकुनाचे वैरी आहोत. पंधरा दिवसांच्या आजारपणानंतर कामावर परतलेल्या मुलीला हजार निरोप चाळावयाचे असतात. तिच्यासाठी हा कारकून अर्ध्या घटकेत सारांश काढून देतो, आणि तिला संध्याकाळी वेळेवर घरी जाता येते. जुन्या चॅनलमध्ये कोण्या एकाने दोन वर्षांपूर्वी लिहिलेली दुरुस्तीची युक्ती तो शोधून आणतो. स्वतःचे बोलणे स्वतःसाठी वाचून घेणे यात कोणाचेच काही बिघडत नाही. दुसऱ्याचे बोलणे दुसऱ्याच्या पाठीमागे वाचून त्यावरून निवाडा करणे, याविषयी आम्ही बोलत आहोत.

मातोश्रींनी जाता जाता आणखी एक विचारले होते: “आमच्या घरच्या गटातही असा कोणी येऊन बसेल काय?” घरच्या व्हॉट्सॲप गटाचे दप्तर वर सांगितलेल्या रीतीने कोणी शिपाई पाठवून मागवू शकत नाही, कारण ते एका ठिकाणी साठविलेलेच नसते. परंतु तेथे शिपायाची गरजही नाही. गटातील कोणीही सभासद ‘चॅट एक्स्पोर्ट’ हे बटण दाबून सारे बोलणे एका कागदाप्रमाणे बाहेर काढू शकतो आणि कोणत्याही यंत्रापुढे ठेवू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने यावर एक आडकाठी आणली. गटाच्या नावावर बोट ठेवून माहितीचे पान उघडावे. तेथे ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ असे लिहिलेले आढळेल. ते चालू करावे. त्यानंतर त्या गटाचे बोलणे त्या बटणाने बाहेर काढता येत नाही आणि फोटो आपोआप फोनमध्ये उतरत नाहीत. फोनच्या पडद्याचे चित्र घेणे किंवा एकेक ओळ उतरवून घेणे मात्र त्याने थांबत नाही. आमच्या धर्मग्रामाच्या तरुण मंडळाच्या गटात हे आम्ही चालू करून घेतले आहे. ज्यांना फोनवर ते सापडत नसेल त्यांनी रविवारी मिस्सेनंतर शाळेच्या ओट्यावर यावे, मंडळातील मुले दाखवितील.